नर्सिंगच्या वर्गात ‘प्रोजेक्ट इम्प्लिसिट’: आरसा चांगला, पण उपाय आपल्यालाच शिकवावा लागतो

नकळतचे पूर्वग्रह विद्यार्थिनींना नुसत्या व्याख्यानाने पटत नाहीत. ‘मी सगळ्यांना सारखंच वागवते’ असं प्रत्येकीला मनापासून वाटत असतं. इथे प्रोजेक्ट इम्प्लिसिट या संशोधन प्रकल्पाची, नकळतचा कल मोजणारी ऑनलाइन चाचणी उपयोगी पडते. अँथनी ग्रीनवाल्ड, महझरीन बानाजी आणि ब्रायन नोसेक यांनी १९९८ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. चाचणी वेबसाइटवर मोफत आहे, एका वेळेला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

सात फेऱ्या असतात. पडद्यावर येणारे शब्द आणि चित्रं दोन गटांत टाकायची: डाव्या गटासाठी ‘ई’ ही कळ, उजव्यासाठी ‘आय’. चुकलं की लाल फुली येते आणि बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘तरुण’ आणि ‘चांगले’ एका कळीवर असताना बोटं भराभर चालतात. ‘वृद्ध’ आणि ‘चांगले’ एकत्र आले की अनेकींची अडखळतात. हा फरक मिलिसेकंदांत मोजला जातो. ते अडखळणं स्वतःच्या बोटांत जाणवतं, हीच या चाचणीची खरी ताकद.

साइटवरच्या चाचण्यांत वर्णाची चाचणी सर्वांत प्रसिद्ध असली, तरी ती अमेरिकी समाजाच्या अनुभवातून आली आहे. आपल्या वर्गासाठी वय आणि वजन या दोन चाचण्या निवडा. हे दोन्ही पूर्वग्रह वॉर्डात रोज दिसतात.

वर्गात घेताना काही गोष्टी सांभाळा. कीबोर्ड असलेला संगणक द्या. मराठी माध्यमातून आलेल्या मुली इंग्रजी शब्दांपाशी थबकतात आणि चुका वाढतात; सूचनांच्या पानावर शब्दांची यादी असते, ती आधी मोठ्याने वाचून अर्थ सांगा. घाईघाईत कळा बडवू नका म्हणून बजावा: दहा टक्क्यांहून जास्त उत्तरं ३०० मिलिसेकंदांच्या आत आली तर निकाल धरला जात नाही. वैयक्तिक माहितीचे प्रश्न सोडून देता येतात, तेही सांगा. निकाल मोठ्याने वाचायला लावू नका आणि त्यावर गुण तर अजिबात देऊ नका. त्याच मुलीने आठवड्याने पुन्हा दिली तर निकाल बदलू शकतो. पुनर्चाचणीतला मेळ मध्यमच आहे. चाचणी तयार करणारेही ती एका व्यक्तीच्या निदानासाठी नाही असंच सांगतात. ‘कल नाही’ असा निकाल आलेली निर्धास्त होते आणि ‘तीव्र’ आलेली रडवेली. दोघींनाही आधीच सावध करायला हवं.

मोठी उणीव पुढे आहे. पूर्वग्रह दाखवला, पण थांबवायचा कसा? त्यावर साइट फारसं काही देत नाही. २०१६ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात नऊ उपायांनी निकाल लगेच बदलले, पण काही तासांत किंवा दिवसांत ते पूर्ववत झाले. म्हणजे एका तासाचं सत्र पुरेसं नाही, कामाची पद्धतच बदलावी लागते.

सुरुवात हँडओव्हरपासून, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती देण्यापासून करा. ‘आजी फार किरकिर करतात’, ‘तीन नंबर नाटकी आहे’, ‘दारुडा आहे, ऐकत नाही’ ही वाक्यं विद्यार्थिनींकडूनच गोळा करून फळ्यावर लिहा. मग प्रत्येकीने ते वाक्य निरीक्षणात बदलायचं: ‘आजींना शस्त्रक्रियेच्या जागी दुखतंय, वेदना ० ते १० मध्ये ७, शेवटचं वेदनाशामक रात्री दोनला.’ शिरेतून औषध दिल्यावर १५ ते ३० मिनिटांनी आणि तोंडाने दिल्यावर तासाभराने वेदना पुन्हा मोजायचीच, रुग्ण कोणीही असो. नियम पक्का असला की मनाला पळवाट उरत नाही.

वरिष्ठांपुढे बोलणं सर्वांत अवघड, म्हणून वाक्य तोंडात बसवावं लागतं. जोडीजोडीने सराव घ्या: ‘सिस्टर, मला काळजी वाटतेय. दहा नंबरच्या काकांचा वेदनेचा स्कोअर आठ आहे आणि चार तासांत औषध दिलेलं नाही. आपण पुन्हा बघूया का?’ आकडा आणि वेळ सांगितली की ती तक्रार वाटत नाही. उत्तर आलं नाही तर तेच एकदा पुन्हा, शांतपणे. तरीही नाही तर डॉक्टरांना कळवायचं.

चाचणीला पाचपैकी साडेतीन. एकटीच वापरली तर दोन. सत्रानंतर पंधरा दिवसांनी वॉर्डातले पेन चार्ट (वेदनेच्या नोंदींचे तक्ते) काढा. तक्रार, औषध आणि पुनर्तपासणी या तिन्ही वेळा, साठीच्या पुढचे आणि साठीच्या आतले रुग्ण वेगळे करून, विद्यार्थिनींनाच तक्त्यात मांडू द्या.