दोन विहिणी, एक केबिन: मुंबई ते लक्षद्वीप क्रूझचा आमचा अनुभव

फेब्रुवारीत आम्ही चौघं मुंबईहून लक्षद्वीपला क्रूझने जाऊन आलो. मी, नवरा, माझी आई आणि सासूबाई. चार रात्री, पाच दिवस. आल्यापासून कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, "जहाजावर पाच दिवस करायचं काय?" म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी जाण्यामागचं कारण. आई 76 वर्षांची, सासूबाई 78 च्या. दोघींचे गुडघे आता चढ-उतार करू देत नाहीत. मागच्या वर्षी राजस्थानला नेलं होतं, तेव्हा आठ दिवसांत पाच हॉटेलं झाली. रोज सकाळी बॅगा भरा, औषधांचे डबे शोधा, सहा तास गाडीत बसा. शेवटच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, मला आता फक्त एका जागी बसून जग बघायचंय." क्रूझ म्हणजे नेमकं तेच. पहिल्या दिवशी बॅग उघडायची, कपडे कपाटात लावायचे, औषधं उशाशी ठेवायची. आपण झोपलो, बसलो तरी खोली आपल्याला घेऊन नऊशे किलोमीटर जाते. ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांना या एका गोष्टीची किंमत कळेल.

पुण्याहून आम्ही डेक्कन क्वीनने गेलो. सकाळी सव्वासातला बसलो की साडेदहाच्या आत सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर. एक्स्प्रेस वेवरच्या कोंडीचा घोर नाही, आणि वृद्ध माणसांना गाडीत पाय मोकळे करता येतात. बंदरावर बॅगांना केबिन नंबरची चिठ्ठी लावून त्या ताब्यात घेतात आणि संध्याकाळपर्यंत तुमच्या दाराशी आणून ठेवतात. आधार कार्ड दाखवलं, फोटो काढला, एक कार्ड हातात मिळालं. तेच खोलीची किल्ली आणि तेच जहाजावरचं पाकीट. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती, ती दारात उभी होती.

जहाज कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस'. हे जहाज 1990 मध्ये फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं. तेव्हा ते रॉयल कॅरिबियन कंपनीचं 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. 2021 पासून ते मुंबईहून सुटू लागलं. लांबी दोनशे मीटरच्या वर. जगातल्या आजच्या महाकाय जहाजांपुढे ते लहानच म्हणायचं, पण आम्हाला तेच सोयीचं पडलं. दोन दिवसांत दोघी विहिणींना जेवणाची जागा, लिफ्ट आणि आवडीचा डेक पाठ झाला, आणि त्या आमच्याशिवाय हिंडू लागल्या.

आता बुकिंगबद्दल, कारण तिथे आम्ही फसलो. आमच्या भागातल्या एका एजंटाकडे पैसे भरले. त्याने सांगितलेला आकडा निव्वळ भाड्याचा होता. बंदर शुल्क, जीएसटी, कर्मचाऱ्यांसाठीची ग्रॅच्युइटी म्हणजे टिप, हे सगळं नंतर वर चढलं आणि चौघांचं मिळून तीस हजारांच्या आसपास जास्त गेले. दुसरं, आम्ही दोन्ही केबिन जहाजाच्या मध्यावर मागितल्या होत्या. दोघी आयांची तशी मिळाली, आमची मात्र जहाजाच्या अगदी नाकाशी दिली आणि "सगळ्या सारख्याच असतात" असं ठोकून सांगितलं. सारख्या नसतात. पाळणा जसा टोकांना जास्त हलतो आणि मध्ये कमी, तसंच जहाजाचं. मध्यावरची, शक्यतो खालच्या डेकवरची केबिन घ्या. पहिल्या रात्री नवऱ्याला मळमळायला लागलं आणि दोन्ही आया मात्र शांत झोपल्या होत्या.

बोट लागते ती पोटामुळे नाही, कानामुळे. आतल्या कानाला हालचाल कळते, डोळ्यांना समोर स्थिर भिंत दिसते, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. म्हणून खोलीत पडून राहण्यापेक्षा उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे बघायचं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी. आम्ही बरोबर आलेपाक नेला होता, तोही कामी आला. अशा जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारख्या पट्ट्या असतात, त्या डोलणं बरंच कमी करतात. शिवाय फेब्रुवारीत अरबी समुद्र शांत असतो. पावसाळ्यात या किनाऱ्यावर क्रूझचा विचारही करू नका.

केबिनचे ढोबळ प्रकार तीन: खिडकी नसलेली इनसाइड, बंद खिडकीची ओशन व्ह्यू आणि बाल्कनीवाली. भाडं एका खोलीत दोघं धरून माणशी असतं. मुख्य जेवण त्यात येतं. मद्य, स्पा, खास रेस्टॉरंट, वायफाय यांचे पैसे वेगळे. केबिन लहान असते हे धरूनच चला. मी दोघींसाठी ओशन व्ह्यू घेतली आणि तो निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. पहाटे चारला उठणाऱ्या माणसांना खिडकी हवीच.

निघण्याआधी सगळ्या प्रवाशांची सुरक्षा कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. तो ऐकला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. इटलीजवळ 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. बरीच तरुण मंडळी तेव्हा सेल्फी काढत होती. सासूबाई मात्र पहिल्या रांगेत उभ्या राहून एकेक सूचना ऐकत होत्या. त्यांचं माहेर अलिबागजवळचं थळ, जन्म 1947 चा. त्याच वर्षी 17 जुलैला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि 600 हून अधिक माणसं गेली. त्यांच्या घरात बोट हा शब्दच दबक्या आवाजात उच्चारला जायचा. यायला त्या तयार झाल्या याचंच मला अप्रूप होतं. कवायत संपल्यावर त्यांनी डेकवर फिरून एका बाजूच्या लाइफबोटी बोटांवर मोजल्या, दुसऱ्या बाजूच्याही मोजल्या, आणि मगच चहा घेतला.

संध्याकाळी जहाज हललं तेव्हा आम्ही कठड्याशी होतो. मुंबईचं पाणी मातकट, मग करडं-हिरवं. बंदराबाहेर आल्यावर एक छोटी बोट आमच्या अंगाला येऊन चिकटली. जहाजाच्या पोटातलं एक दार उघडलं, दोराची शिडी खाली सुटली आणि आमचं जहाज बंदराबाहेर काढणारा पायलट त्या शिडीवरून उतरला. दोन्ही बोटी चालत होत्या. शेवटच्या पायरीवर तो थांबला, खालची बोट लाटेने वर येईपर्यंत वाट पाहिली आणि अलगद पाय टाकला. आमच्या डेकवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग अंधारता अंधारता डाव्या हाताला एक दिवा दिसायला लागला. खांदेरी. महाराजांनी 1679 मध्ये जिथे तटबंदी उभारायला घेतली, इंग्रज आणि सिद्दी आडवे आले तरी जी उभी राहिली, आणि 2025 मध्ये जी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली ती खांदेरी. सासूबाईंनी अख्खं बालपण थळच्या वाळूतून हा दिवा बघितला होता. त्या कठडा घट्ट धरून म्हणाल्या, "आमचं घर त्याच्या पलीकडे. आज पहिल्यांदा ह्या बाजूने बघतेय." दिवा दिसेनासा होईपर्यंत त्या जेवायला आल्या नाहीत.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रावर. "करायचं काय" याचं माझं उत्तर हा दिवस आहे. जहाजावर नाटक-गाण्यांचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, मुलांचे खेळ सगळं असतं, आणि ज्यांना हवं त्यांनी ते जरूर करावं. आम्ही सावलीतल्या चार खुर्च्या धरल्या. मोबाइलची रेंज किनाऱ्याबरोबरच गेली होती. नवरा बारा वर्षांत पहिल्यांदा सलग तीन तास त्याच्या आईशी बोलत बसला. अकराच्या सुमाराला पाणी इतकं निळं झालं की आई म्हणाली, शाईची दौत सांडल्यासारखं. आणि मग उडते मासे दिसले. जहाजाच्या नाकाने लाट फोडली की तिच्या बाजूने वीतभर लांबीचे रुपेरी मासे पाण्यातून सुटायचे, पंख ताणून पाण्याला समांतर लांबवर तरंगत जायचे आणि कापल्यासारखे आत शिरायचे. दोघी म्हाताऱ्या लहान मुलींसारख्या एकमेकींना बोट दाखवत होत्या, "तो बघा विहीणबाई, तो गेला!"

जेवणाबद्दल थोडक्यात. शाकाहारी आणि जैन जेवणाची उत्तम सोय, मासेही चांगले. पण लक्षात राहिला तो वाढणारा रत्नागिरीकडचा मुलगा. पहिल्या रात्री सासूबाईंनी मऊ भात आणि फोडणी नसलेलं वरण मागितलं. दुसऱ्या दिवसापासून त्या बसल्या की न सांगता वाटी समोर यायची, "आजी, गरम आहे हं."

तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती, लक्षद्वीपमधलं एक बेट. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ पाणी, त्यामुळे मोठं जहाज बाहेरच नांगरतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी नेतात. वारा वाढला तर ही फेरी रद्दही होऊ शकते, तेवढी मनाची तयारी ठेवा. लक्षद्वीपला भारतीयांनाही परवाना लागतो. आमचा जहाजाच्या बुकिंगबरोबरच झाला होता.

जहाजातून बोटीत उतरणं हा सगळ्यात अवघड क्षण. खालची बोट हातभर वर येते, हातभर खाली जाते. दोन खलाशी तुमचे दंड धरतात. हात धरत नाहीत, कोपराच्या वर दंडच धरतात, आणि बोट वर आली की "आता!" म्हणतात. तेव्हाच पाऊल टाकायचं. मी आईला म्हटलं, तू इथेच थांब हवं तर. ती हसली. तिचं माहेर मालवण. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट खडकांमुळे बाहेर उभी राहायची आणि माणसं, गोणी, कोंबड्या सगळं पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला यायचं. साठ-पासष्ट वर्षं झाली त्याला. तिने पदर खोचला, बोट वर यायची वाट पाहिली, बरोबर क्षणाला पाऊल टाकलं आणि फळीवर बसून मालवणीत पुटपुटली, "सगळा तसाच आसा."

बेटावर फक्त काही तास मिळतात. क्रूझची ही मर्यादा आहे. बेटावरचं जगणं समजून घ्यायचं असेल तर विमानाने जाऊन राहायला हवं. आम्हाला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ आणि एक मोठं कासव दिसलं, नारळपाणी प्यायलो, गुडघाभर कोमट पाण्यात दोघींना उभं केलं. पाणी इतकं नितळ की सासूबाईंना स्वतःच्या जोडव्या दिसत होत्या. कृपा करून प्रवाळावर पाय देऊ नका, ते जिवंत असतं. आणि बेटावर दारू चालत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

कुणी जावं? घरात वृद्ध माणसं असतील तर नक्की. रोज नवं गाव, नवा बाजार बघायचा असेल तर नको. मधला पूर्ण समुद्राचा दिवस असलेली फेरीच निवडा. एजंटाकडून शुल्क धरून अखेरचा आकडा आणि केबिनची जहाजावरची जागा, दोन्ही लेखी घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन दिवसांची जास्तीची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग संध्याकाळपर्यंत मिळत नाही.

पाचव्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा आईंच्या केबिनमध्ये दिवा होता. दोघी खिडकीशी बसल्या होत्या आणि पायलटची बोट परत आमच्या अंगाला येत होती. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरलंय. आगाऊ रकमेतले दहा हजार सासूबाईंनी त्यांच्या पेन्शनमधून माझ्या हातात ठेवलेत आणि सांगितलंय, दोघींना हीच केबिन हवी.