'एन्काउंटर' की 'मॉर्निंग गर्ल'? ताइनोंची गोष्ट मुलांच्या हाती देताना

कोलंबसाच्या आगमनाची गोष्ट किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या बाजूने सांगणारी कादंबरी किंवा कथा मुलांना द्यावी असे ज्यांच्या मनात येते, त्यांची निवड बहुधा दोन पुस्तकांपाशी येऊन अडते. एक जेन योलन यांचे 'एन्काउंटर' आणि दुसरे मायकेल डॉरिस यांचे 'मॉर्निंग गर्ल'. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही १९९२ सालची, म्हणजे त्या घटनेला पाचशे वर्षे झाली त्या वर्षीची, आणि दोन्हींत बोलणारे मूल ताइनो, म्हणजे कोलंबस उतरला त्या कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांपैकी, आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत ऑक्टोबर आला की हा प्रश्न हमखास निघतो, कारण मुलांना शाळेत कोलंबस शिकवला जात असतो आणि आईवडिलांच्या आठवणीत मात्र 'नव्या जगाचा शोध' एवढाच धडा उरलेला असतो. आमच्या घरीही तो निघाला, आणि दोन्ही पुस्तके मुलांबरोबर वाचून झाल्यावर माझे मत एका बाजूला झुकले.

'एन्काउंटर' हे चित्रपुस्तक आहे. चित्रे डेव्हिड शॅनन यांची. एका ताइनो मुलाला स्वप्नात दात असलेले तीन प्रचंड पक्षी दिसतात आणि सकाळी किनाऱ्यावर तीन जहाजे उभी असतात. मुलगा वडीलधाऱ्यांना सावध करू पाहतो, पण पाहुण्यांचे स्वागत करणे ही आपली रीत आहे असे सांगून त्याला गप्प केले जाते. पुढे मेजवानी होते, काचमण्यांची आणि घंटांची देवाणघेवाण होते, पाहुण्यांची नजर सोन्यावर खिळते, आणि अखेर काही जणांना जहाजावर नेले जाते. त्यांत हा मुलगाही असतो. तो समुद्रात उडी घेऊन सुटतो, एवढेच. या पुस्तकाचा मोठा गुण हा की माणसे धरून नेण्याची घटना ते झाकत नाही. सोन्याकडे वळलेली हावरी नजर आणि माणसांकडे वळलेली तीच नजर शॅनन यांनी अशी रंगवली आहे की लहान मुलालाही त्यांतले नाते सांगावे लागत नाही.

तरीही एक गोष्ट मला पहिल्या वाचनापासून खटकत राहिली आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला. 'एन्काउंटर'ची सारी उभारणी त्या स्वप्नावर आणि त्या न ऐकलेल्या इशाऱ्यावर आहे. गोष्ट संपल्यावर मुलांनी मला विचारले ते हे की मोठ्यांनी त्या मुलाचे ऐकले का नाही. वेगवेगळ्या वयाच्या मुलांबरोबर वाचतानाही चर्चा पुनःपुन्हा तिथेच गेली: मुखिया चुकला, लोक भोळे होते, मुलगा शहाणा होता. जहाजावरच्या माणसाने माणसे का धरून नेली, त्याला तो अधिकार कोणी दिला, हा प्रश्न त्यांपैकी कोणीही आपणहून विचारला नाही. लेखिकेचा हेतू असा नव्हता याविषयी मला शंका नाही, पण गोष्टीची रचनाच अशी आहे की आदरातिथ्य करणारा दोषी ठरतो आणि गुलाम करणारा एखाद्या वादळासारखा, कोणाच्याही इच्छेविना येऊन कोसळणारा वाटतो.

इतिहास या मांडणीला दुजोरा देत नाही. कोलंबसाने हिस्पॅनिओला (आजचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक) बेटावर मागे ठेवलेली ला नाविदादची गढी १४९३ साली तो परत येईपर्यंत नष्ट झालेली होती आणि तिथली सगळी माणसे मेलेली होती; स्पॅनिश लोकांनी त्याचा ठपका काओनाबो या ताइनो सरदारावर ठेवला. पुढे त्याच बेटावरच्या एनरिकियो या ताइनो सरदाराने १५१९ पासून १५३३ पर्यंत बाओरुकोच्या डोंगरांतून लढा दिला आणि शेवटी स्पेनच्या राजसत्तेला त्याच्याशी तह करावा लागला. ही माणसे वेळीच सावध झाली नाहीत असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

'मॉर्निंग गर्ल'मध्ये जहाज अगदी शेवटच्या प्रकरणात दिसते. त्याआधीची सगळी पाने बहीण आणि भाऊ आळीपाळीने बोलतात. तिला पहाट आवडते, त्याला रात्र. आईचे एक बाळ जन्माआधीच जाते, वादळ येते, भावंडांची भांडणे होतात. एका प्रकरणात मुलीला आपला चेहरा कसा आहे हे जाणून घ्यायचे असते. आई तिला स्वतःच्या आणि तिच्या चेहऱ्यावरून बोटे फिरवायला लावते, आणि वडील तिला आपल्या डोळ्यांत बघायला सांगतात. तिथे तिला चिमुकल्या मुली दिसतात. हे प्रकरण वाचताना मूल थांबते आणि समोर बसलेल्याच्या डोळ्यांत डोकावते, हे मी पाहिले आहे. शेवटी हीच मुलगी पोहत असताना अनोळखी माणसांची नाव पाहते आणि त्यांच्याशी नीट वागायचे ठरवते.

त्यानंतर उपसंहार येतो, आणि तो कोलंबसाच्या रोजनिशीतला उतारा आहे. ही माणसे चांगले चाकर होतील आणि परत जाताना इथून सहा जणांना आपण राजा-राणीकडे घेऊन जाऊ, म्हणजे ती बोलायला शिकतील, असे त्याने ११ ऑक्टोबर १४९२ या तारखेखालच्या नोंदीत लिहिले आहे. मूळ रोजनिशी आज उपलब्ध नाही. बार्तोलोमे दे लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूंनी करून ठेवलेल्या संक्षेपामुळे ती आपल्यापर्यंत पोहोचली. ज्या दोन मुलांचे बोलणे आपण पुस्तकभर ऐकत आलो, त्यांना बोलता येत नाही असे गृहीत धरणारे हे वाक्य समोर आल्यावर दोष कोणाचा हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. इथे मुलांनी विचारलेला प्रश्नही वेगळा होता: हा माणूस कोण, आणि त्याने असे का लिहिले?

या पुस्तकाची उणीव मोठी आहे, हे मान्य करायला हवे. गुलामगिरी प्रत्यक्षात त्यात दिसतच नाही, आणि उपसंहार न वाचता पुस्तक मिटणाऱ्या मुलाच्या हाती एक गोड कौटुंबिक कथा तेवढी राहील. उरलेले काम मोठ्यांना करावे लागते. १४९५ साली हिस्पॅनिओलातून सुमारे ५५० ताइनो माणसे जहाजांत भरून स्पेनकडे पाठवली गेली आणि वाटेतच सुमारे २०० जण मेले, हे मिकेले दा कूनेओ या त्या प्रवासातल्याच माणसाने लिहून ठेवले आहे. त्याच बेटावर चौदा वर्षांवरील प्रत्येकाने ठरावीक सोने आणून द्यावे अशी सक्ती झाली. खाणींतली माणसे मरू लागली तेव्हा मजुरांसाठी बहामा बेटांवर, म्हणजे जिथे कोलंबस पहिल्यांदा उतरला तिथल्याच लुकायन (बहामातल्या ताइनो) लोकांवर, धाडी पडल्या. हे लोक पट्टीचे पोहणारे म्हणून त्यांना व्हेनेझुएलाजवळच्या कुबाग्वा बेटावर मोती काढायला विकले गेले, आणि पंचवीसेक वर्षांत ती बेटे जवळजवळ ओसाड झाली. 'मॉर्निंग गर्ल'मधल्या भावंडांना हा वृत्तांत जोडून वाचला की तो आकड्यांचा राहत नाही. 'एन्काउंटर'मधला मुलगा मात्र इशारा देण्यापलीकडे माणूस म्हणून फारसा ओळखीचा होत नाही, त्यामुळे तिथे तो तसा जोडला जात नाही, निदान माझा अनुभव असा आहे.

आणखी एक बाब. 'एन्काउंटर'च्या अखेरीस तो मुलगा म्हातारा झालेला आहे आणि चित्रात त्याचे शरीर विरत चाललेले दिसते. चित्र विलक्षण आहे, पण ताइनो संपले असा समज त्यातून पक्का होतो. प्वेर्तो रिकोत आजही स्वतःला ताइनो म्हणवणारी माणसे आहेत, आणि बहामातील एल्यूथेरा बेटावर सापडलेल्या हजारेक वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या दाताच्या २०१८ सालच्या जनुकीय अभ्यासातून आजच्या प्वेर्तो रिकोच्या लोकांशी तिचे नाते दिसून आले. हे चित्र दाखवाल तेव्हा ही माहिती तोंडी तरी द्यावी.

एकाच बैठकीत, वर्गात, चित्रांच्या आधाराने विषय उघडायचा असेल तर 'एन्काउंटर' सोयीचे आहे, आणि दोन्ही घेता आली तर उत्तमच. एकच घ्यायचे असेल आणि मूल दहाच्या पुढचे असेल, तर मी 'मॉर्निंग गर्ल' घ्यावे असे सुचवीन, फक्त उपसंहार त्याच्या शेजारी बसून वाचावा.