“दोनच लग्नं वाजलीत याच्यावर”: जुना कंट्रोलर घेताना गंडा कुठे बसतो

तुळशीचं लग्न लागलं, की परभणी-हिंगोली-नांदेडकडे लॅपटॉपवरची गाणी हाताने मिसळायच्या जुन्या डीजे कंट्रोलरला गिऱ्हाईक वाढतं. सोयाबीनचे पैसे हाती आलेले, पोराला लग्नसराई धरायची घाई, आणि विकणाऱ्याचं वाक्य ठरलेलं: “दोनच लग्नं वाजलीत याच्यावर.” घासलेली बटणं निदान डोळ्यांना दिसतात. गंडा बसतो तो साउंड कार्डात, म्हणजे स्पीकरला आणि हेडफोनला वेगवेगळा आवाज पाठवणाऱ्या भागात.

पायोनियरच्या डीडीजे-२०० मध्ये साउंड कार्डच नाही. न्यूमार्कच्या मिक्सट्रॅक ३ मध्येही नाही. ते मिक्सट्रॅक प्रो ३ मध्ये आहे. दोघं दिसायला सख्खे भाऊ, म्हणून ‘प्रो’च्या भावात साधा गळ्यात मारतात. दाखवताना दिवे लागतात, जॉगची चकती फिरते, लॅपटॉपच्या स्पीकरवर गाणं वाजतं. मांडवात गेल्यावर कळतं, की पुढचं गाणं हेडफोनवर आधी ऐकायची सोयच नाही. मग स्प्लिटर केबल लावून सगळं मोनोत वाजवा, नाहीतर वेगळं कार्ड विकत घ्या.

म्हणून आपला लॅपटॉप आणि आपलाच हेडफोन न्या. कंट्रोलरचा ड्रायव्हर (जोडणीचं सॉफ्टवेअर) घरूनच टाकून घ्या. कंट्रोलरला मास्टर आउट (स्पीकरकडे जाणारं सॉकेट) आणि हेडफोनचं सॉकेट, दोन्ही हवीत. नुसतं यूएसबी असेल तर तिथूनच उठा. एका चॅनलचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढून त्याचं हेडफोन-क्यू बटण दाबा: गाणं फक्त हेडफोनवर यायला हवं. क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) पूर्ण डावीकडे नेऊन उजवं गाणं चालू करा. बारीक आवाज झिरपला तर फेडर झिजलाय. टेम्पो फेडरला (गाण्याचा वेग बदलणाऱ्या पट्टीला) हात न लावता स्क्रीनवरचा वेगाचा आकडा नाचत असेल तर तोही गेला. शेवटी यूएसबीची पिन हलवून बघा. बेसच्या हादऱ्यात गाडीवर वाजलेल्या मालाचं हे सॉकेट ढिलं झालेलं असतं, आणि ऐन वरातीत गाणं तुटतं.

पायोनियरचं डीडीजे-४०० हे २०१८ चं मॉडेल, आता बंद. ते त्यानंतरचं एफएलएक्स४ म्हणून खपवलं तर मागे बघा: ४०० ला चौकोनी यूएसबी-बी, एफएलएक्स४ ला यूएसबी-सी.

“सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो” हीसुद्धा मेख आहे. व्हर्च्युअल डीजे घरी शिकायला फुकट आहे खरं. पण लायसन्सशिवाय कंट्रोलर जोडला, की दहा मिनिटांत बंद पडतो. सौदा तेवढ्यात उरकलेला असतो.

पाच हजारच असतील तर काही घेऊ नका, लॅपटॉपच्या कीबोर्डवरच बीट जुळवायला शिका. दहा-पंधरा हजारांत जुना ‘मोठा’ शोधण्यापेक्षा नवा हर्क्युलिस इनपल्स २०० बरा, त्यात कार्ड आहे. तीसच्या आसपास जात असाल तर नवा एफएलएक्स४ बिलासकट घ्या.

ऑनलाइन सौद्यात “पैसे मिळायला कोड स्कॅन करून पिन टाका” म्हणाला, की फोन ठेवा. पैसे मिळायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा. समोरासमोर घेतलं तरी पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव आणि खालच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर लिहून घ्या. स्टिकर खरवडलेला असेल तर माल कितीही स्वस्त असो, हात लावू नका.