गूगलचं इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर: स्वतः भरून पाहिल्यावर

ताई गेली, तेव्हा तिच्या बँकेची आणि विम्याची कामं रीतसर मार्गी लागली. कागद जागेवर होते, नॉमिनी लावलेला होता, मृत्युपत्रही तिने वेळेत करून ठेवलं होतं. अडलं ते भलतीकडेच. आईची गाणी तिने फोनवर रेकॉर्ड केली होती आणि ती सगळी एका ऑनलाइन खात्यात होती. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. दाजींनी आणि मी त्या कंपनीला सहा वेळा लिहिलं, मृत्यूचा दाखला पाठवला, नात्याचा पुरावा पाठवला. दर वेळी उत्तराला नवीन माणूस आणि नवीन मागणी. शेवटी एका ओळीत विषय मिटवला: खातेधारकाची संमती नोंदलेली नाही. अशी संमती आधी नोंदवता येते हे ताईला माहीत असतं, तर तिने ते काम त्याच दिवशी उरकलं असतं. तशीच होती ती.

त्यानंतर मी माझं स्वतःचं आवरायला घेतलं. माझे फोटो, मेल, कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती, सगळं गूगलवर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली. तिथे ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ म्हणून सोय आहे: आपण खातं वापरायचं थांबलो, की आपण आधी नेमलेल्या माणसांना त्यातला डेटा मिळतो. ती २०१३ पासून आहे आणि फुकट आहे, तरी मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकानेही ती उघडलेली नव्हती. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘डेटा आणि गोपनीयता’ या भागात बरंच खाली गेल्यावर ती सापडते. इतकी महत्त्वाची गोष्ट इतकी खाली ठेवायला नको होती.

आधी ठरवायचं की किती काळ खातं वापरलं गेलं नाही तर ते बंद पडलं असं धरायचं. ३, ६, १२ किंवा १८ महिने असे पर्याय आहेत. मी तीन निवडले. मुदत संपायच्या आधी महिनाभर तुमच्याच फोनवर आणि मेलवर सूचना येते, त्यामुळे नुसत्या आजारपणात खातं दुसऱ्याच्या हाती जाईल ही भीती नको. मग माणसं नेमायची, जास्तीत जास्त दहा. कुणाला काय मिळावं हे वेगवेगळं ठरवता येतं, आणि मला ही सोय सगळ्यात आवडली. भाचीला फोटो आणि ड्राइव्हमधल्या फायली दिल्या. मेल फक्त नवऱ्याला. माझ्या मेलमध्ये मैत्रिणींनी विश्वासाने लिहिलेलं बरंच काही आहे, ते उद्या कुणीही चाळावं असं मला वाटत नाही.

नेमलेल्या माणसाला पासवर्ड मिळत नाही, खात्यात शिरता येत नाही. तुम्ही ठरवलेला डेटा उतरवून घ्यायची लिंक तेवढी मिळते. ओळख पटवायला त्याचा मोबाइल नंबर आधीच भरून ठेवावा लागतो. मला हे पटलं. वारसाला फोटो मिळायला हवेत, माझ्या नावाने मेल पाठवायची मुभा नको.

पुढे एक रिकामी चौकट येते: त्या माणसासाठी निरोप लिहा. तिथे मी अर्धा तास बसून होते. आधी लांबलचक लिहिलं, मग सगळं खोडलं. शेवटी लिहिलं, ‘आजीची गाणी “आई” नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. आधी ती उतरवून घे, बाकीचं सावकाश बघ.’ (ताईच्या फोनवरची नव्हेत, माझ्याकडे होती तेवढी पाच.)

आता यातली मोठी उणीव. कमीत कमी मुदतच तीन महिन्यांची आहे. माणूस गेल्यावर घाईची कामं पहिल्या पंधरवड्यातच असतात: कुठला हप्ता आपोआप कापला जातोय, विमा कुठे कुठे आहे, लॉकर आहे का. त्या वेळी ही सोय काहीच कामाची नाही. त्यासाठी कागदावर हाताने लिहिलेली यादीच हवी, मृत्युपत्राच्या शेजारी ठेवलेली. पासवर्ड मात्र मृत्युपत्रात लिहू नका, तो कागद पुढे बऱ्याच हातांतून जातो. आणि गेलेल्या माणसाचं सिमकार्ड लगेच बंद करू नका. ओटीपी त्याच नंबरवर येतात. आम्ही ही चूक केली होती.

दुसरी अडचण अशी की तुम्ही नाव नोंदवता तेव्हा समोरच्याला काहीच कळवलं जात नाही. थेट खातं बंद पडल्यावरच त्याला मेल येतो. गेलेल्या माणसाचा डेटा उतरवून घ्या असा मेल अचानक आला, तर आजकाल कुणीही तो फसवणूक समजून पुसून टाकेल. म्हणून मी भाचीला समोर बसवून सगळं दाखवलं. ती म्हणाली, ‘मावशी, आत्ता कशाला हे?’ मी म्हटलं, ‘तुझ्या आईच्या वेळी काय झालं ते बघितलंस ना.’ मग ती गप्प बसून ऐकत राहिली.

नवऱ्याचा फोन ॲपलचा आहे. तिथे ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून सोय आहे, २०२१ च्या डिसेंबरपासून. माणसं पाचच नेमता येतात, पण थांबावं लागत नाही: सेटिंग करताना मिळालेली किल्ली म्हणजे एक कोड, आणि मृत्यूचा दाखला, एवढ्यावर अर्ज करता येतो. किल्ली छापून कागदांत ठेवता येते, आम्ही तशीच ठेवली आहे. अर्ज मंजूर झाल्यापासून तीन वर्षं डेटा बघता येतो. साठवलेले पासवर्ड आणि विकत घेतलेली गाणी-सिनेमे त्यात येत नाहीत. घाईच्या कामांसाठी मला हीच पद्धत जास्त उपयोगी वाटते, कुणाला काय द्यायचं या बाबतीत मात्र गूगलची.

गेल्या महिन्यात भाचीने नंबर बदलला. तिचा मेसेज वाचला आणि आधी गूगलवर जाऊन जुना नंबर काढून नवा भरला, मग तिला उत्तर पाठवलं.