लिव्हिंग रूमचे कार्पेट: सोळा महिन्यांचा वापर आणि मधली एक दुरुस्ती

न्यू जर्सीत एडिसनजवळ आमचे टाऊनहाऊस आहे. गेल्या वर्षीच्या जानेवारीत आम्ही तिथल्या लिव्हिंग रूममध्ये आणि एका बेडरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत नवे कार्पेट घालून घेतले आणि सप्टेंबरच्या अखेरीस तेच कार्पेट दुसऱ्या कारागिराकडून कडेने उचलून, ताणून पुन्हा बसवून घेतले. आता मे महिना संपत आला आहे, म्हणजे पहिल्या कामाला सोळा आणि दुसऱ्याला आठ महिने झाले. एकाच कार्पेटवर दोन वेगवेगळ्या हातांचे काम पाहायला मिळाल्यामुळे, आणि त्यातल्या पहिल्याला आम्ही दुसऱ्याच्या कितीतरी पट पैसे मोजल्यामुळे, हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम एका मोठ्या दुकानामार्फत झाले. दुकानात आमचे सगळे लक्ष रंगाकडे, लव किती दाट आहे याकडे आणि डाग निघतील की नाही याकडे होते. कार्पेट बसवायला कोण येणार, ही चौकशी आम्ही केलीच नाही. दुकानाचा स्वतःचा माणूस येत नसून काम पुढे कोणाला तरी दिले जाते, हे त्या दिवशी दारात दोन अनोळखी तरुण उभे राहिल्यावर कळले. एस्टिमेटमध्ये जुने कार्पेट काढून नेण्याचे, सोफा हलवण्याचे आणि कार्पेटखाली अंथरायच्या पॅडचे पैसे वेगवेगळे लावलेले होते, त्यामुळे जाहिरातीतल्या दरापेक्षा बिल बरेच वाढले. पण ते इकडे सर्वत्र चालते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या आठवड्यात बाहेर २० अंश फॅरनहाइटच्या आसपास थंडी होती. रात्रभर गाडीत पडलेला रोल त्या दोघांनी सकाळी थेट घरात आणला आणि तासाभरात अंथरायला घेतला. आजचे बहुतेक कार्पेट विणलेले नसते. जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावाच्या आसपासच्या गिरण्यांमध्ये सुयांच्या रांगा एका आधारकापडातून धागा टोचत जातात आणि मागून लॅटेक्सच्या थराने दुसरे कापड चिकटवले जाते. हे लॅटेक्स थंडीत कडक होते. गारठलेले कार्पेट नीट ताणले जात नाही आणि घराच्या उबेत आले की सैल पडते. म्हणूनच रोल घरात आणून खोलीच्या तापमानाला निदान एक दिवस तरी ठेवावा आणि खोली ६५ अंशांच्या खाली नसावी, असे या धंद्यातले प्रमाणित नियम सांगतात. मला हे सगळे सप्टेंबरमध्ये समजले. जानेवारीत मात्र दोन खोल्या दुपारी तीनच्या आत उरकल्या, याचेच मला कौतुक वाटत होते.

पहिले चार महिने कार्पेट खरोखरच सुरेख दिसले. नव्या कार्पेटचा वास आठवडाभरात गेला आणि व्हॅक्यूमच्या डब्यात गोळा होणारी सुटी लव दीड-दोन महिन्यांत कमी झाली. जूनमध्ये हवा दमट झाली तशी बाल्कनीच्या दारापासून चार फुटांवर एक सुरकुती उठली. जुलैपर्यंत तिच्या दोन झाल्या आणि बेडरूमच्या दाराशीही एक फुगवटा आला. उन्हाळ्यासाठी सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई घरात वॉकर घेऊन चालतात. वॉकरचे पुढचे पाय त्या सुरकुतीला अडले आणि त्या सोफ्याच्या हाताला धरून कशाबशा सावरल्या, तेव्हा हा विषय दिसण्यापुरता राहिला नाही.

दुकानाची मजुरीवर एक वर्षाची हमी होती, म्हणून आधी त्यांनाच फोन केला. तीन आठवड्यांनी एक माणूस आला. त्याच्याकडे हातभर लांबीचे एक अवजार होते. त्याच्या एका टोकाला कार्पेटमध्ये रुतणारे दात आणि दुसऱ्या टोकाला गादी असते. दात रुतवायचे आणि गादीवर गुडघ्याने धक्का देत कार्पेट भिंतीकडे सरकवायचे. याला नी किकर म्हणतात. अर्ध्या तासात सुरकुत्या गेल्या आणि तीन आठवड्यांत त्याच जागी परत आल्या. पुन्हा फोन केला तेव्हा हा हवेतल्या दमटपणाचा परिणाम असून तो हमीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. न्यू जर्सीत दर उन्हाळ्यात हवा दमट असते, ही गोष्ट दुकानाला जानेवारीत ठाऊक नसावी, असेच मानून मी फोन ठेवला.

दुसरे कारागीर ओळखीच्या एका कुटुंबाने सुचवले. वय साठीच्या पुढचे, आणि हाताखाली त्यांचा मुलगा. या वेळी मात्र मी फोनवरच विचारून घेतले की तुम्ही पॉवर स्ट्रेचर, म्हणजे कार्पेट ताणायचे मोठे अवजार, आणणार का. ते हसून म्हणाले की हा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइके वर्षात दोन-तीनच भेटतात. या राज्यात घरदुरुस्तीची कामे घेणाऱ्यांना ग्राहक विभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंतचे कार्पेट बसवणे हेही त्या कामांत मोडते. ‘१३ व्हीएच’ने सुरू होणारा त्यांचा नोंदणी क्रमांक मी विभागाच्या संकेतस्थळावर तपासला. ५०० डॉलरच्या वरच्या कामाला लेखी करार सक्तीचा आहे. आमचे काम ३४० डॉलरचे होते, तरीही त्यांनी दोन्ही खोल्यांची मापे, कामाचे स्वरूप आणि एक वर्षाची हमी एका कागदावर लिहून सही करून दिली.

आल्याबरोबर त्यांनी बाल्कनीजवळचा कोपरा पक्कडीने उचलला आणि मागची दोन्ही कापडे एकमेकांपासून सुटली आहेत का, हे बोटांनी चाचपून पाहिले. ती सुटली असती तर ताणून उपयोग झाला नसता, कार्पेटच बदलावे लागले असते. तसे झाले नव्हते. मग त्यांनी खालचा पॅड दाखवला. दुकानाने ‘ढगावर चालल्यासारखे वाटेल’ असे सांगत जादा पैसे घेऊन दिलेला तो पॅड अर्धा इंच जाड आणि मऊ होता. आमच्या कार्पेटच्या वॉरंटीच्या कागदावर पॅडची जाडी ७/१६ इंचापेक्षा जास्त नसावी असे स्पष्ट छापलेले आहे आणि तो कागद दुकानानेच दिलेला आहे. जाड, मऊ पॅडवर प्रत्येक पावलागणिक कार्पेट खाली दबते आणि मागचे कापड हळूहळू सैल होते. पॅड बदलायचा तर खर्च दुपटीहून वर जात होता, म्हणून आम्ही तो तसाच ठेवला. या निर्णयाबद्दल माझे मन अजून साफ नाही.

तिसरी चूक जोडाची. आमची लिव्हिंग रूम १३ फूट रुंद आणि १८ फूट लांब आहे, आणि कार्पेटचा रोल साधारणपणे १२ फूट रुंदीचा येतो. म्हणजे कुठेतरी जोड येणारच. १८ फूट लांबीचा अखंड तुकडा घालून उरलेली फूटभराची पट्टी सोफ्यामागच्या भिंतीलगत जोडली असती, तर लवेची दिशा जुळावी म्हणून पट्टीही रोलच्या लांबीतूनच कापावी लागून १८ आणि १८ असा ३६ फूट रोल लागला असता. तेरा-तेरा फुटांचे दोन तुकडे आडवे टाकले की २६ फुटांत भागते, पण जोड खोलीच्या मध्ये येतो. दुकानाने दुसरा मार्ग निवडला आणि तो आम्हाला सांगितलाही नाही. एस्टिमेटवर फक्त ३१२ चौरस फूट हा आकडा होता. बाल्कनीचे दार अरुंद बाजूच्या भिंतीत आणि पश्चिमेला असल्यामुळे दुपारी चारनंतरचे ऊन नेमके त्या जोडावर आडवे पडते आणि खोलीभर एक रेघ उठून दिसते. पैसे वाचवण्याचा मार्ग चुकीचाच होता असे मी म्हणत नाही. १२० चौरस फुटांचे पैसे लहान नसतात. पण निवड आमची असायला हवी होती.

कामाला सुरुवात त्यांनी त्या जोडापासूनच केली, कारण ताण दिल्यावर कच्चा जोड आधी उकलतो. जुनी टेप काढून, धागे सुटू नयेत म्हणून कडांना सीलर लावले, खाली सहा इंच रुंदीची नवी टेप टाकली आणि खास इस्त्रीने तिच्यावरचा गोंद वितळवत दोन्ही कडा वर बसवल्या. पहिल्या वेळी कडांना सीलर लावलेच नव्हते, हे त्यांनी सुटलेले धागे ओढून दाखवले. मग पॉवर स्ट्रेचर आला. हे एकात एक जोडत जाणाऱ्या नळ्यांचे लांबलचक अवजार आहे. त्याचे एक टोक समोरच्या भिंतीच्या पायथ्याला टेकवतात, दुसऱ्या टोकाचे दात कार्पेटमध्ये रुततात, आणि दांडा दाबला की सगळे कार्पेट एका दमात भिंतीकडे सरकते. भिंतीच्या कडेने तिरप्या खिळ्यांची लाकडी पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर ते अडकवतात. अठरा फुटांच्या लांबीत जवळपास दोन इंच कार्पेट जास्तीचे निघाले आणि ते त्यांनी कापून काढले. नियमानुसार लांबी-रुंदीत साधारण एक ते दीड टक्का ताण द्यायचा असतो, म्हणजे हिशेब जवळपास जुळला. जानेवारीत हा ताण दिलाच गेला नव्हता.

खुर्चीत बसून पाहणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही तर पलंगाची नवार आवळल्यासारखंच की! सैल नवारीवर नुसत्या थापा मारून काय होतंय?” नी किकर आणि पॉवर स्ट्रेचर यांतला फरक याहून सोप्या शब्दांत मला सांगता आला नसता.

त्याच भेटीत एक ठिगळही लावून घेतले. गणपतीत आरतीच्या वेळी माझ्याच हातून अगरबत्तीचे जळते टोक पडले होते. आमचे कार्पेट पॉलिस्टरचे आहे. ते लोकरीसारखे जळून राख होत नाही, तर वितळून त्याचा काळा, टणक मणी बनतो. तो मणी कात्रीने काढला तर खड्डा राहतो, म्हणून तेवढा भाग कापून नवा बसवावा लागतो. उरलेले तुकडे पहिल्या कामगारांनी जुन्या कार्पेटबरोबर नेले होते आणि आमचेच पैसे मोजलेला माल जात असताना आम्ही त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो होतो. त्यामुळे ठिगळासाठी तुकडा बेडरूममधल्या कपाटाच्या आतून, अगदी मागच्या कोपऱ्यातून घ्यावा लागला. त्यांनी मास्किंग टेपवर बाण काढून लवेची दिशा नोंदवली, धाग्यांच्या रांगेतून पाते फिरवत चार इंचांचा चौकोन काढला आणि त्याच मापाचा तुकडा बाणाची दिशा जुळवून बसवला. लव एकही धागा न कापता बोटांनी बाजूला सारत सारत ते पाते चालवत होते. इतक्या छोट्या चौकोनाला पाऊण तास लागला. कपाटातला तुकडा कधी तुडवला गेला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला तो थोडा उंच आणि गडद दिसे. चार महिने लागतील असे ते म्हणाले होते. फेब्रुवारीत पाहुण्यांना ती जागा शोधायला सांगितली तेव्हा कोणालाही सापडली नाही. मला सापडते, पण मला ठाऊक आहे म्हणून.

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी आहे की लिव्हिंग रूममध्ये एकही सुरकुती नाही. हिवाळ्यात हीटिंगने घर कोरडे झाले आणि आता पुन्हा हवा दमट होऊ लागली आहे, तरीही ताण टिकून आहे. जोडाची उकललेली कड गेली, पण दुपारच्या उन्हात ती रेघ अजून दिसते. जोड पूर्ण लपणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. बेडरूमच्या दाराशी मात्र पाय ठेवला की किंचित ढिलेपणा जाणवतो. दोष बहुधा त्या मऊ पॅडचा आहे, आणि हमीच्या मुदतीत ते एकदा येऊन पाहणार आहेत. कुरबूर म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्यांनी आम्हाला पाच आठवडे थांबायला लावले आणि त्यातही तारीख एकदा बदलली. वॉरंटी टिकवायची तर दर १२ ते १८ महिन्यांनी गरम पाण्याच्या यंत्राने व्यावसायिक सफाई करून तिची पावती ठेवावी लागते. ती सफाई गेल्या महिन्यात झाली. कार्पेट वाळायला पुरता एक दिवस लागला, पण एकही कड सुटली नाही.

जिन्याच्या तेरा पायऱ्यांवरचे जुने कार्पेट खर्चामुळे तेव्हा तसेच ठेवले होते. ते काम आता याच बापलेकांना दिले आहे आणि तारीख सप्टेंबरची ठरली आहे. पॅड पातळ आणि घट्ट असेल, रोल दोन दिवस आधी घरात येऊन पडेल आणि उरलेला प्रत्येक तुकडा आमच्या बेसमेंटमध्ये राहील, ही तीन वाक्ये मी एस्टिमेटवर लिहून घेतली आहेत. त्यांनी चौथे स्वतःहून जोडले: रोल टेकवायला जिन्याखालची जागा मोकळी करून ठेवा.