आरे की कांजूरमार्ग? मेट्रो ३ च्या कारशेडचा वाद

मुंबईच्या मेट्रो ३ च्या गाड्या उभ्या करायला आणि दुरुस्त करायला कारशेड हवी होती; ती आरेच्या झाडीत बांधायची की कांजूरमार्गला, हा वाद. आरेची बाजू सोपी वाटायची: जागा सरकारच्या हातात, काम लगेच सुरू. पण ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. प्रजापूर पाड्यातल्या आदिवासी कुटुंबांनाही हलावं लागलं.

कांजूरला एवढी झाडं तोडायची गरज नव्हती. ठाकरे सरकारने २०२० मध्ये ती जागा निवडली, तर मिठागराची जमीन आमची म्हणत केंद्र कोर्टात उभं राहिलं आणि डिसेंबरमध्ये हस्तांतरालाच स्थगिती आली. २०२२ मध्ये सरकार बदललं, शेड पुन्हा आरेत.

माझ्या मते कांजूरच उजवा पर्याय होता. पुढे मेट्रो ६ या दुसऱ्या मार्गाचा डेपो (कारशेड) तिथेच ठरला. म्हणजे खोट जागेत नव्हती, केंद्र-राज्याच्या भांडणात होती. आरेत मात्र पाळत ठेवली ती लोकांनी आणि कोर्टाने: ८४ झाडांची मुभा असताना जास्त झाडांसाठी अर्ज केला म्हणून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला १० लाख भरायला लावले.