जोर्वे भांड्यांच्या प्रतिकृती: वाडगा जरूर घ्या, तोटीचा घडा तूर्त नको

कंगोरेदार वाडगा, उंच मानेचा गोल लोटा आणि तोटीचा घडा असा, जोर्वे या प्राचीन मातीच्या भांड्यांच्या प्रतिकृतींचा तीन नगांचा हा संच २,४०० रुपयांना मिळतो. बाजारातल्या बहुतेक ‘प्राचीन’ भांड्यांवर भाजून झाल्यावर ॲक्रिलिक रंगाने नक्षी काढलेली असते. इथे नक्षी कच्च्या भांड्यावर काढून मग भांडे भाजले आहे. जोर्वेची खरी गंमत त्या भाजणीत आहे, म्हणून हा संच बारकाईने पाहण्याजोगा आहे.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी असलेल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि या भांड्यांना त्या गावाचे नाव मिळाले. पुढे घोड नदीवरच्या इनामगावात ती मोठ्या प्रमाणात सापडली. त्यांचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. संचासोबतच्या कार्डावर मात्र ‘५००० वर्षांपूर्वीची सिंधू कला’ असे छापले आहे. ते साफ चूक आहे, दुरुस्त व्हायलाच हवे.

तिन्हींत वाडगा अव्वल. जोर्वे वाडग्याची भिंत मध्ये किंचित आत दबलेली असते आणि ती बुडाला मिळते तिथे धारदार कंगोरा असतो. साच्यातून काढलेल्या प्रतीत हा कंगोरा बोथट होतो. इथे तो चाकावरच काढलेला आहे, नख फिरवले तर अडकते. भिंत ४ मिलिमीटरच्या आसपास. बोटांच्या टोकांवर वाडगा तोलून दुसऱ्या हाताने टिचकी मारली की खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला तर भांडे कच्चे राहिले आहे किंवा कुठेतरी बारीक तडा आहे असे समजावे.

नारिंगी-तांबड्या अंगावर काळे पट्टे, तिरप्या रेघांचे झुबके आणि जाळीदार चौकटी आहेत. भट्टीत हवा खेळती ठेवून भाजताना नुसत्या लोहयुक्त मातीची रेघ लाल होते, काळी राहायला तिच्यात मँगनीज लागते. तेच वापरले असावे, कारण जाड रेघ काळी आहे आणि पातळ रेघ कडेला तपकिरी झाली आहे. खात्री करायची तर नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून बुडाजवळच्या रेघेवर घासा. ॲक्रिलिक लगेच सुटते, भाजलेला रंग ढिम्म हलत नाही.

लोट्याचा आकार चांगला आहे, पण खांद्यावर मोर काढायची गरज नव्हती. जोर्वेची नक्षी बहुतांशी भौमितिक, प्राणी-पक्षी विरळाच. त्याहून मोठी अडचण मातीची. एका लोट्याच्या पोटावर ज्वारीच्या दाण्याएवढे टवके उडालेले दिसले आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका होता. हे चुनखडीचे खडे. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि वरची माती उडवतो. दुकानात भांडे धड दिसते, टवके आठवड्या-दोन आठवड्यांनी उडतात. माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळली असती तर हे टळले असते.

तोटीचा घडा मात्र फसला आहे. तोटी वेगळी करून खांद्यावर जोडतात, तेव्हा घडा आणि तोटी दोन्ही सारखीच ओलसर हवीत. जोडाच्या दोन्ही बाजू खरवडून, पातळ चिखल लावून दाबायच्या आणि नंतर जोडावर ओले फडके ठेवून सावकाश वाळवायचे. इथे तोटी आधीच वाळलेली असावी. मग ओला घडा वाळताना आक्रसला आणि जोडाभोवती केसासारखी चीर पडली. पाणी भरून ठेवले की तिथून पाझर फुटतो. शिवाय तोटीचे तोंड घड्याच्या काठापेक्षा जवळपास दोन बोटे खाली आहे, त्यामुळे घडा काठोकाठ भरताच येत नाही, आधीच तोटीतून पाणी वाहू लागते. शोभेसाठी ठेवणाऱ्याला चालेल, पण हे मुळात पाणी ओतायचे भांडे आहे.

वाडगा आणि लोटा सुटेही मिळतात, तेच घ्यावेत. आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, मग सावलीत वाळवा. दही, लोणचे, तेल यांसाठी वापरू नका, सच्छिद्र माती वास धरते. चुलीवर किंवा मायक्रोवेव्हमध्येही नको. त्या काळी स्वयंपाकाला जाडीभरडी भांडी वेगळी असत. धुताना साबणाऐवजी गरम पाणी आणि काथ्या पुरे.